साहेबाला तारीख द्यायची नसते

अर्जदार : मधुकर दशरथ बन्सोड, वय पन्नाशीच्या पुढे, धंदा अर्जनवीस, बैठक तहसील कचेरीसमोरील कडुनिंबाखाली, गोरेगाव, जिल्हा गोंदिया.

गैरअर्जदार : ज्यांच्या मेजावर एक अर्ज थांबला ते. नाव ठाऊक नाही. मेजावर नावाची पाटी नव्हती.

घटनेचा काळ : सन दोन हजार नऊचा चैत्र व वैशाखाचा काही भाग.

साक्षीदार : एक, माझी पत्नी निर्मला. दोन, डोमाजी, ज्याची चहाची टपरी माझ्या बैठकीला लागून आहे. तीन, सदर कडुनिंब, ज्याला कचेरीत हजर राहता येत नाही.

विषय : परीक्षेचा एक हंगाम परत मिळण्याबाबत.

महोदय, सविनय सादर की, आजवर मी ही चौकट दुसऱ्यांच्या दुःखासाठी आखत आलो. फेरफार, वारसनोंद, बांधावरचे भांडण, हरवलेले रेशनकार्ड, परत न आलेला जावई. सगळ्यांना मी याच चौकटीत बसवले. अर्जदाराच्या जागी स्वतःचे नाव लिहिण्याची वेळ प्रथमच आली आहे. त्यास कारण इतकेच की चैत्र पुन्हा आला आहे. गावाबाहेर पहाटे मोहफुले गळू लागली आहेत व त्यांचा गोड, थोडा आंबूस वास एस.टी.च्या खिडक्यांतून आत येतो. सकाळच्या गोंदिया गाडीत मुले-मुली मांडीवर पुस्तके उघडून बसतात आणि त्यांचे ओठ आवाजाशिवाय हलत राहतात. ते हलणारे ओठ माझ्याने पाहवत नाहीत. मी गाडीकडे पाठ करून बसतो. डोमाजी म्हणतो, "काकाजी, गिऱ्हाईक समोरून येते, मागून नाई." तरीही मी पाठ करूनच बसतो.

माझे शिक्षण आठवीपर्यंत. हे मी लपवत नाही व त्याची लाजही बाळगत नाही, कारण या तालुक्यात पदवीधर पुष्कळ आहेत, परंतु 'सबब' हा शब्द कोठे ठेवावा हे कळणारे फार थोडे. तो लवकर आला तर अर्ज उतावळा दिसतो, उशिरा आला तर रडका. ही विद्या मला माझ्याआधी त्याच निंबाखाली बसणाऱ्या वृद्ध अर्जनवीसांनी दिली. कागदाची डावी बाजू रुंद मोकळी सोडावी, ती साहेबाच्या शेऱ्यासाठी असते. दुःख तिसऱ्या परिच्छेदात सांगावे, त्याआधी साहेबाचे मन तयार नसते. आणि सर्वांत मोठा नियम : साहेबाला तारीख द्यायची नसते. "अमुक दिवसाच्या आत करावे" असे लिहिले की अर्जदार मालक होतो आणि साहेब नोकर, आणि असे झालेले कोणत्याही साहेबाला सोसत नाही. म्हणून शेवटची ओळ कायम एकच : "तरी यथावकाश उचित कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती." ही ओळ मी दागिन्यासारखी जपत आलो होतो.

त्या चैत्रात माझी मुलगी सुजाता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होती. रोज गोरेगावहून गोंदियाला जाणे, दुपारी परत येणे. तिला एक नवाच विषय होता, वित्ताची ओळख करून देणारा. आमच्या घराण्यात पैशाशी ओळख कोणाचीच फारशी नव्हती. पैसा आमच्या दारावरून जाई तेव्हा आम्ही त्याला दुरूनच नमस्कार करत असू. त्यामुळे त्याची ओळख कॉलेजात करून देतात याचे मला मोठे नवल वाटले. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडले की ती चटईवर बसे व मला समोर बसवी.

"बाबा, ज्याले काहीच येत नाई त्याले शिकवलं, का आपल्याले पक्कं येते. सर म्हणतात आमचे."

"म्हणजे मले काहीच येत नाई?"

"वित्तातलं म्हटलं, बाबा. अर्जातलं नाई."

चुलीजवळून निर्मलेचे हसणे ऐकू आले. त्या हसण्याला आता मी साक्षीदार म्हणून लावतो आहे.

"समजा," सुजाता म्हणाली, "मी तुमाले हजार रुपये देते. आज घ्याल का पुढच्या वर्षी?"

"तू कुठून देशील?"

"समजा म्हटलं ना!"

"आजच घेईन. पुढच्या वर्षी तुझं लगन झालं असन. नवरा देऊ देईन का मले?"

"ते जोखीम झाली. तिचा धडा पुढं आहे. आता नुसती वेळ धरा."

मग तिने मला पैशाचे कालमूल्य सांगितले. आजचा रुपया कामाला लावता येतो, त्याच्या पाठीवर आणखी पैसा बसतो, त्या पैशाच्या पाठीवरही पैसा बसतो, ती चक्रवाढ. उद्याचा रुपया मात्र अजून वाटेत आहे. तोवर भाव वाढतात. तो येईलच याची खात्री नसते. म्हणून उद्याच्या रुपयाला आज किंमत लावायची तर त्याला मागे चालवत आजपर्यंत आणावे लागते, आणि मागे चालताना तो लहान होत जातो. त्या लहान झालेल्या रुपयाला वर्तमान मूल्य म्हणतात. "जितकं दूरचं, तितकं झिजते," ती म्हणाली, व बोटांच्या चिमटीत काहीतरी बारीक होत गेल्याचे दाखवले.

मी दिङ्मूढ झालो. मुदत टळली की हक्क जातो हे मी पुष्कळ अर्जदारांच्या तोंडावर पाहिले होते. परंतु हक्क शाबूत असताना, रक्कम शाबूत असताना, नुसत्या वाट पाहण्यानेही काही खाल्ले जाते, आणि ते किती हे मोजण्याची रीत माणसांनी शोधून काढली आहे, हे मला त्या अंगणात समजले. ही रीत कचेऱ्यांना कोणी सांगितली नाही काय, असा प्रश्न मी तेव्हाच विचारला होता. सुजाता म्हणाली, "त्यांचा सिलॅबस वेगळा असन."

त्या हंगामात आमच्या घरात असेच शब्द फिरत होते. जोखीम वाटून ठेवण्याचा धडा आला तेव्हा तिला आजोबांची शेती आठवली : वरच्या बांधीत, म्हणजे वरच्या खाचरात, लवकर निघणारा हलका धान, खालच्या बांधीत उशिराचा भारी धान, पाऊस कसाही वागला तरी एक तरी घरी येतो. तिने ते वहीच्या कडेला लिहून ठेवले. रोखतेच्या धड्याला ती मला गावच्या तलावावर घेऊन गेली. कोणे काळी कोहळी समाजाने बांधलेला तो तलाव. पाळीवर पळसाची वाळली फुले पडलेली, तळाशी हिरवे पाणी, कालव्याकडचे तोंड बंद. "हे पाहा," ती म्हणाली, "पाणी तर आहे. पण आज आपल्या बांधीले पाहिजे म्हटलं तर भेटन का? संपत्ती असणं वेगळं आन हाती येणं वेगळं." उन्हात तिच्या कपाळावर घामाचे थेंब होते व ती शिक्षिकेसारखी बोट वर करून उभी होती. तिला शिक्षिकाच व्हायचे होते. वाणिज्याची. गोरेगावातच.

महोदय, दुःख तिसऱ्या परिच्छेदात सांगावे हा नियम मी ओलांडला आहे, याची मला जाणीव आहे. हात पुढे सरकत नव्हता.

एके दुपारी ती गाडीतून उतरून आली, दप्तर खुंटीला अडकवले, रांजणातले पाणी प्यायली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. कॉलेजच्या फलकावर सूचना लागली होती. ज्यांची शिष्यवृत्ती अद्याप आली नाही त्यांनी फी स्वतः भरावी, अन्यथा परीक्षेचे प्रवेशपत्र मिळणार नाही. शिष्यवृत्ती मंजूर होती. मंजुरीचा कागद आम्ही पाहिला होता. ती कोठेतरी निघाली होती व कोठेतरी थांबली होती. आमच्याजवळचा पैसा निर्मलेच्या भिशीत होता आणि तिची पाळी दिवाळीला. ती बायांकडे पाळी बदलून मागायला गेली; त्या महिन्याची रक्कम एकीच्या मुलीच्या लग्नात कालच गेली होती. परत येऊन निर्मला उंबऱ्यावर बसली व म्हणाली, "तलावाचं तोंड बंद हाय, बाई." सुजाताने तिला जवळ घेतले. वित्तातला तो एक धडा आमच्या घरात सर्वांना सारखाच पाठ झाला.

मग सुजाता म्हणाली, "बाबा, अर्ज लिहा."

मी लिहिला. माझ्या आयुष्यातला तो सर्वोत्तम अर्ज होता, हे मी निःसंकोच नमूद करतो. 'सबब' जेथे हवा तेथे होता. तिने तो निंबाखाली बसून वाचला आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

"यथावकाश म्हणजे कवा?"

"साहेबाच्या सवडीनं."

"पैसे सवडीनं आले तर मी काय करू त्याइचं? बाबा, तेच पैसे परीक्षेच्या आधी आले तर फी आहेत. मागून आले तर नुसते पैसे आहेत."

"साहेबाले तारीख द्याची नसते, बाई."

"काऊन?"

"त्याले राग येते."

"आन मले येत नाई?"

डोमाजी चहा गाळत होता, त्याची गाळणी हवेतच राहिली. "लिहा काकाजी, लिहा," तो म्हणाला. "साहेबाले तारीख! आता निंब बी हालन." मी ती ओळ खोडली नाही, खोडाखोड असलेला अर्ज मी देत नाही. नवा कागद घेतला, सर्व पुन्हा उतरवले, आणि शेवटी लिहिले की परीक्षा सुरू होण्यापूर्वी, म्हणजे अमुक तारखेच्या आत, रक्कम मिळावी. तारखेखाली सुजाताने स्वतः रेघ ओढली. पट्टीने, सरळ.

तो अर्ज घेऊन मी एकटाच गोंदियाला गेलो. ज्या कार्यालयात गेलो त्याचे नाव घेत नाही. तेथील बाबू कागद शेवटाकडून वाचणारा निघाला. त्याची नजर प्रथम रेघेवर गेली.

"काकाजी, ये क्या है?"

"अर्ज आहे, साहेब."

"वो तो दिख रहा है। ये तारीख?"

"परीक्षेची आहे."

"परीक्षा हमने रखी है क्या?" तो शेजारच्या मेजाकडे वळला. "सुनो भाई, अब पब्लिक अपने को डेट देने लगी।" शेजारचा हसला. हाही हसला. रागावला नाही, हे मी मुद्दाम लिहितो. त्याने माझा अर्ज इतर अर्जांच्या गठ्ठ्यावर ठेवला नाही. मेजाच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या पेल्याखाली, एकटा ठेवला.

"इसको अलग से देखेंगे। तारीख वाला है ना।"

घरी येऊन मी सांगितले, "आपला अर्ज वेगळा ठेवला त्याईनं." सुजाताचा चेहरा उजळला. "पाहा! तारखेचा उपयोग झाला का नाई?" त्यांच्या हसण्याबद्दल मी काही बोललो नाही. तो वेगळा ठेवलेला कागद मला अजून दिसतो. पेल्याच्या बुडाचे ओले वर्तुळ हळूहळू रेघेपर्यंत पसरत होते. आधी पाहण्यासाठी तो वेगळा ठेवला होता, की कधीच न पाहण्यासाठी? गठ्ठ्यातले अर्ज, ज्यांवर 'यथावकाश' लिहिले होते, ते त्या हंगामात पुढे गेले, असे नंतर कानावर आले. खरे-खोटे माहीत नाही. गठ्ठाही थांबला असेल. मला कळण्यास मार्ग नाही.

मोहफुले गळून संपली. जयंतीची निळी तोरणे गल्लीत लागली, उतरली. मी कॉलेजात हमीपत्र घेऊन गेलो. नियम नाही म्हणाले. सुजाता वाचत राहिली. मी तिला थांब म्हणू शकलो नाही व वाच असेही म्हणू शकलो नाही.

परीक्षेच्या सकाळी तिने अंघोळ केली, केस विंचरले, दोन पेन तपासले. गाडीचा हॉर्न वाजला. ती पायरीवर बसून राहिली. गाडी गेल्यावर तिची धूळ पायरीपर्यंत येऊन बसली.

दुपारी तिची मैत्रीण परीक्षेहून परतताना प्रश्नपत्रिका देऊन गेली. सुजाताने चटई टाकली, कागद घेतले आणि मला म्हणाली, "तुमी घड्याळ घेऊन बसा. तीन तास झाले का 'वेळ संपली' म्हणजा." निर्मलेने कोंबड्या झाकून ठेवल्या, त्यांचा आवाज होऊ नये म्हणून. ऊन भिंतीवरून सरकत गेले. मी माझ्या मुलीचा पर्यवेक्षक झालो. ती लिहीत होती, मध्येच आकाशाकडे पाहत होती, ओठ हलत होते. वेळ झाली तेव्हा तिने वर पाहिले, म्हणून म्हणालो, "वेळ संपली." तिचे वाक्य अर्धे होते. तिने पेन खाली ठेवला. पूर्ण केले नाही.

मग इकडे तिकडे पाहिले. कागद गोळा करणारे कोणी नव्हते. तिने ते माझ्या हाती दिले.

"तपासा, बाबा."

पहिला प्रश्न पैशाच्या कालमूल्याचा होता. उत्तरात हजार रुपये होते, आज आणि पुढचे वर्ष होते. तिने कागदाची डावी बाजू रुंद मोकळी सोडली होती, मी सोडतो तशी. शेऱ्याची ती जागा माझ्यासमोर होती, खिशाला लेखणी होती, आणि मी आठवीचा माणूस. बरोबर की चूक, हे मला सांगता येत नव्हते. कचेरीतल्या साहेबांना मी जन्मभर शेऱ्यासाठी विनवले. माझ्या घरी माझ्याकडे आलेला एकमेव कागद मी कोरा परत केला.

वर्ष गेले की शिष्यवृत्ती जाते, असे सांगण्यात आले. पुन्हा फी, पुन्हा प्रवेश, पुन्हा अर्ज. ते पुन्हा झाले नाही. तिरोड्याहून स्थळ आले. मुलगा चांगला, वीज प्रकल्पात ठेकेदाराकडे कामाला. तिने मला शिकवलेल्या धड्यांत संधी खर्च नावाचा एक होता. आपण जे निवडतो त्याची खरी किंमत म्हणजे त्यासाठी सोडून दिलेली सर्वांत चांगली गोष्ट. मी विचारले होते, "आन ज्याले निवडायलाच भेटलं नाई त्याचं काय?" तिने पाने उलटून पाहिली होती. "पुस्तकात नाई, बाबा." लग्नाच्या मांडवात तिच्याकडे पाहताना मला तेवढेच आठवत राहिले.

दोन वर्षांनी रक्कम सुजाताच्या खात्यात आली. सोबत माझ्या नावे टपाल : रक्कम पूर्णतः अदा करण्यात आली आहे, सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे. 'सबब' अगदी योग्य जागी होता. इतका योग्य की मला तो शब्द त्यानंतर महिनाभर लिहवला नाही.

सुजाता तिरोड्याहून आली, कडेवर मूल. पासबुक माझ्यासमोर उघडून धरले. "पूर्ण आले, बाबा. एक रुपया कमी नाई."

"मंग उचल."

"कोणाचे उचलू?" ती म्हणाली. "ते त्या पोरीचे आहेत जे त्या दिवशी गाडीत बसणार होती. ते कुठं दिसली तर देऊन टाकू." आणि हसली. मूल पासबुक ओढत होते, तिने ते त्याच्या मुठीतून सोडवले. ते पैसे आजही तेथेच आहेत. त्यांच्या पाठीवर थोडे व्याज बसत असेल. पुस्तकात म्हटल्याप्रमाणे ते वाढत असतील.

निघताना उंबऱ्यात थांबून ती म्हणाली, "आपण तारीख टाकली होती ना, म्हणून दोन वर्षांत तरी आले. नाई तर किती लागले असते!"

मी "होय" म्हणालो.

त्यानंतर माझा धंदा बिघडला आहे. अर्ज शेवटच्या ओळीपर्यंत व्यवस्थित उतरतो, आणि तेथे लेखणी थांबते. आज सकाळीच गाडीतून उतरून एक मुलगी बाकावर येऊन बसली. शिष्यवृत्ती आलेली नाही, परीक्षा आहे, कॉलेजात सूचना लागली आहे. ओठ अधूनमधून हलत होते. मी तिला डोमाजीचा चहा पाजला. तारीख लिहावी तर पेल्याचे ओले वर्तुळ दिसते. 'यथावकाश' लिहावे तर कोणीतरी कपाळावरचा घाम पुसून विचारते, म्हणजे कवा? ती अजून बसून आहे. डोमाजी दोनदा म्हणाला, "काकाजी, पोट्टीची गाडी निघून जाईन." तिचा अर्ज बाजूला ठेवून मी हा लिहितो आहे.

तरी महोदय, रक्कम पूर्ण मिळालेली असल्याने मी पैशाची मागणी करत नाही. गेलेला चैत्र मागे चालवत आणून त्याचे वर्तमान मूल्य काढून द्यावे, असेही म्हणत नाही. ती रीत आपल्याकडे नसावी. माझी विनंती एवढीच की, पाण्याच्या पेल्याखाली ठेवलेला तो अर्ज आधी पाहण्यासाठी वेगळा ठेवला होता, की न पाहण्यासाठी, एवढे एका ओळीत कळवावे. त्यावर बाकावर बसलेल्या मुलीची शेवटची ओळ अवलंबून आहे. उत्तर कधीपर्यंत मिळावे ती जागा मी कोरी सोडली आहे. ती कृपया आपण भरावी.

डावी बाजू नेहमीप्रमाणे मोकळी आहे.

प्रत : कार्यालयीन नस्तीकरिता. तिरोड्याला प्रत पाठवू नये. तारखेखालची रेघ तिने ओढली होती.

आपला विश्वासू,
मधुकर दशरथ बन्सोड
अर्जनवीस, गोरेगाव